रविवारचा एक तास आणि उरलेला आठवडा

चर्चमध्ये मुलांसाठी रविवारची शाळा भरते, नाताळात नाटक होते, मे महिन्यात शिबिर होते. तरीही पंधरा-सोळा वर्षांची झाली की मुले हळूहळू दिसेनाशी का होतात? मुलांच्या कार्याची आखणी करताना मुलांचे घरच विसरले जाते, असे तर होत नाही ना?

रविवारची सकाळ. चर्चची पहिली घंटा होऊन गेली आहे. फाटकाशी एक स्कूटर थांबते. मागच्या सीटवरून दोन मुले उतरतात. धाकट्याच्या मुठीत दहा रुपयांची नोट आहे, दानपात्रात टाकण्यासाठी. वडील हेल्मेटही काढत नाहीत. ''नीट बस, मस्ती करू नकोस. साडेदहाला येतो,'' एवढे सांगतात आणि स्कूटर मटणाच्या दुकानाकडे वळते. रविवारी उशीर केला तर रांग लागते.

चर्चच्या मागच्या खोलीत बाईंनी सतरंजी घातली आहे. चार वर्षांच्या मुलीपासून मिसरूड फुटू लागलेल्या नववीतल्या मुलापर्यंत वीस-बावीस जण तीवर दाटीवाटीने बसले आहेत. आज नोहाच्या तारवाची गोष्ट आहे. लहान मुले तोंड उघडे टाकून ऐकतात, मोठी खिडकीबाहेर पाहतात, कारण हे तारू त्यांनी याआधी चारपाच वेळा पाण्यावर तरंगताना पाहिले आहे. मग गाणे, सुवर्णवचनाचे पाठांतर, हजेरी, प्रार्थना. साडेदहाला फाटकाशी पुन्हा स्कूटर.

''काय शिकवलं आज?''

''गोष्ट.''

''कुठली?''

''तीच.''

हे दृश्य कुणा एका चर्चचे नाही. मुंबई असो, पुणे असो, नगर, जालना किंवा सोलापूर असो, मराठी ख्रिस्ती कुटुंबांत वाढलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटेल. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे दहा लाख ऐंशी हजार ख्रिस्ती आहेत, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येत शंभरामागे एकाहूनही थोडे कमी. इतक्या लहान समाजाला आपली मुले श्रद्धेत टिकावीत, आपली गाणी, आपले सण त्यांना आपले वाटावेत अशी काळजी असणे स्वाभाविक आहे. ही काळजी प्रत्येक मंडळीत बोलून दाखवली जाते. (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात.) पण बोलून झाल्यावर होते काय, तर एखाद्या नव्या बाईंना विचारले जाते, ''या वर्षी रविवारची शाळा तुम्ही घ्याल का?'' त्या संकोचाने हो म्हणतात आणि आखणी संपते.

वस्तुत: गणित अगदी साधे आहे. वर्षाचे बावन्न रविवार. त्यातून परीक्षा, सुट्टीतले गाव, लग्नसराई, मुसळधार पाऊस आणि आजारपण वजा केले तर नियमित येणाऱ्या मुलालाही चाळीसेक तास मिळतात. चाळीस तास म्हणजे दोन दिवससुद्धा नाहीत. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस मूल घरी असते, शाळेत असते, शिकवणीला असते, मोबाइलपुढे असते. मग मुलांसाठी करायचे सगळे कार्य त्या दोन दिवसांतच कसे बसवायचे?

टाचण्यांच्या कारखान्यातली मुले

रविवारच्या शाळेची कल्पना जिथून आली ती जागा पाहिली, तर घराचा विसर का पडला हे लक्षात येते. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी टाचण्या बनवण्याचे कारखाने होते. तिथे लहान मुले आठवड्याचे सहा दिवस राबत आणि रविवारी मोकाट सुटत. रॉबर्ट रेक्स हे त्या गावचे मुद्रक आणि 'ग्लॉस्टर जर्नल' या वृत्तपत्राचे मालक. त्यांनी १७८० मध्ये या मुलांसाठी रविवारी वर्ग सुरू केले. शिकवायला ठेवलेल्या बायकांना ते दिवसाला एक शिलिंग देत. सकाळी दहा ते बारा वर्ग, मग जेवायला घरी, एक वाजता परत, मग चर्च आणि त्यानंतर संध्याकाळी साडेपाचपर्यंत पाठांतर. मुले वाचायला शिकत. ज्यांना दुसरी शाळाच नव्हती त्यांच्यासाठी ती खरीखुरी शाळा होती. १८३१ पर्यंत ब्रिटनमध्ये दर रविवारी सुमारे साडेबारा लाख मुले अशा वर्गांत बसू लागली होती.

या योजनेत आईबाप कुठेच नव्हते. असण्याचे कारणही नव्हते. ते स्वत: निरक्षर होते, कष्टाने पिचलेले होते. मुलांना त्यांच्यापासून दिवसभर बाजूला घेणे हीच तर योजना होती. पुढे १८७० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, वाचन-लेखन तिकडे गेले आणि रविवारच्या शाळेकडे धर्मशिक्षण तेवढे उरले. साचा मात्र तोच राहिला. मूल फाटकाशी सोडायचे आणि वेळ संपली की न्यायचे.

मे महिन्यातल्या सुट्टीतील शिबिराचीही कथा अशीच आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड या गरीब वस्तीत १८९८ मध्ये हॉज नावाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी रोजचा वर्ग काढायचे ठरवले. दिवसा रिकामी मिळण्यासारखी जागा म्हणजे बिअरचा गुत्ता, म्हणून त्यांनी तोच भाड्याने घेतला. आज आपल्याकडे व्ही.बी.एस. म्हणून जे शिबिर भरते त्याचे मूळ अशा उपक्रमांत आहे. बाई मोठ्या हिमतीच्या होत्या यात शंका नाही, पण त्यांची मुलेही रस्त्यावरची होती, घरातली नव्हती.

बोर्डिंगची सवय

महाराष्ट्रात हा साचा आणखी पक्का झाला, त्याला इथली कारणे आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणे केले आणि तिथून आसपासच्या खेड्यापाड्यांत काम पसरले. ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबे गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली होती. गावात शाळा नाही, असली तर वर्गात बसू देत नाहीत, अशी स्थिती. तेव्हा मुलांना मिशनच्या बोर्डिंगमध्ये आणणे हाच मार्ग होता. त्यातून शिक्षक निघाले, परिचारिका निघाल्या, पाळक निघाले. त्यात १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. शेकडो मुले अनाथ झाली. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदनात दुष्काळपीडित मुलींना आणले ते याच वर्षांत. त्या मुलांना घर उरलेलेच नव्हते, म्हणून मिशन हेच त्यांचे घर झाले.

हे काम फार मोठे होते. पण त्याबरोबर एक सवयही लागली. मुलांना प्रार्थना, वचन, गाणी शिकवायची ती बोर्डिंगच्या मास्तरांनी आणि रविवारच्या शाळेच्या बाईंनी, आईबापांनी नव्हे. बोर्डिंगे कमी झाली, कुटुंबे शिकली, शहरांत आली, स्वत:च्या फ्लॅटमध्ये राहू लागली. तरी ही सवय सुटली नाही. स्कूटरवरचे ते वडील आळशी नाहीत. 'धर्माचे शिक्षण चर्च बघते' हे त्यांनी आपल्या वडिलांकडून आणि त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतले आहे.

याच नगरमध्ये याच काळात दुसरा नमुनाही होता, हे मात्र विसरता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाचे संपादन केले. ते मासिक घरी येई आणि घरात वाचले जाई. त्यांचे स्वत:चे घर तर धर्मशाळाच होती. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना दुसऱ्यांची मुले पोटच्या मुलांसारखी वाढवणारे ते घर नक्कीच आठवत असेल. बालकवी ठोंबरेही त्या घरात राहून गेले. तिथे श्रद्धा शिकवण्यासाठी वेगळा तास नव्हता. स्वयंपाक, भांडण, उधारी, कविता, पाहुणे आणि प्रार्थना हे सगळे एकाच छपराखाली चालत असे.

मोठेही बाकावर

मुलांना बाजूला काढून शिकवण्याऐवजी घरालाच हाताशी धरावे, हा विचार नवा नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे पाळक होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये 'ख्रिश्चन नर्चर' नावाचे पुस्तक लिहिले. श्रद्धा एखाद्या सभेत अचानक पेटण्यापेक्षा घरच्या वातावरणात रोज थोडी थोडी मुरते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी त्यावर बरीच टीका झाली. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ च्या एका मुख्य दस्तऐवजात, कुटुंबाला घरातले चर्च असे म्हटले. बायबलच्या जुन्या करारातही मोशेची शिकवण मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना सांगावी असे आहे. त्यात वर्गाचा उल्लेखही नाही.

प्रत्यक्षात हे कसे करता येते, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन या वस्तीतल्या चर्चमध्ये मुलांचे कार्य जवळजवळ बंद पडले होते. २००४ मध्ये ल्यूसी मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, सगळ्या घराला बोलवायला सुरुवात केली. आधी कात्री-गोंद घेऊन हस्तकाम, मग थोडी उपासना, मग सगळ्यांनी एकत्र जेवण. अट एकच होती. मुलाला सोडून जायचे नाही, मोठ्यांनीही थांबायचे. हात रंगलेले, टेबले चिकट, म्हणून नावही 'मेसी चर्च', म्हणजे पसाऱ्याचे चर्च. ही पद्धत पुढे अनेक देशांत पोचली.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. मिझोराममध्ये रविवारच्या शाळेत मोठी माणसेही जातात. आजोबांचा वर्ग वेगळा, नातवाचा वेगळा, पण शाळेत दोघेही. मूल शाळेत आणि वडील मटणाच्या रांगेत, हा प्रश्नच तिथे येत नाही. याच मिझो घरांत १९१० पासून आणखी एक रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातला मूठभर चर्चसाठी बाजूला काढायचा. मूल ते रोज पाहते. दान म्हणजे काय हे त्याला फळ्यावर लिहून शिकवावे लागत नाही.

आपल्याकडेही साधन नाही असे नाही. नगर भागात एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कीर्तनाला वयाचे वर्ग नसतात. आजी पुढे, नातू तिच्या मांडीवर आणि पोरे दाराशी, असेच ते ऐकले जाते.

यादीपासून सुरुवात

मग एखाद्या मंडळीने मुलांच्या आणि कुटुंबांच्या कार्याची आखणी करायची ठरवली तर सुरुवात कुठून करावी? पुस्तके, चार्ट, बक्षिसे यांच्या खरेदीपासून नव्हे, यादीपासून करावी.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आणि सभासदांच्या रजिस्टरमध्ये सगळी घरे असतात. त्यातून अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे नाव काढायचे, मग ते येत असो वा नसो. वय, शाळेचे माध्यम, घरी कोण कोण आहे, राहणे कुठे. अशी यादी केली की धक्का बसतो. वर्गात वीस मुले असतात आणि यादी साठांची होऊ शकते. न येणाऱ्यांत कुणाची आई रविवारी ड्यूटीवर असते, कुणाला यायला दोन बस बदलाव्या लागतात, कुणाचे घर चर्चमधल्या जुन्या भांडणामुळे दुरावलेले असते. या प्रत्येकाला 'येत जा हं' एवढे सांगून भागत नाही.

यादीनंतर गृहभेटी. पाळकसाहेबांची गृहभेट हा मराठी मंडळ्यांत जुना प्रघात आहे. चहा होतो, वचन वाचले जाते, प्रार्थना होते. पण बहुतेक वेळा बोलणे मोठ्यांशीच होते आणि मूल आतल्या खोलीत अभ्यास करत असते. त्याच भेटीत मुलाला बाहेर बोलवावे आणि त्याला काय आवडते, काय कंटाळवाणे वाटते ते विचारावे. आईवडिलांनाही विचारावे की रोज दहा मिनिटे मुलांबरोबर बसता येतील का, आणि नसेल तर अडचण काय आहे. बऱ्याच घरांतून उत्तर येईल, ''आम्हालाच नीट माहीत नाही, मुलांना काय सांगणार?'' हे प्रामाणिक उत्तर आहे. तेव्हा पालकांसाठी वर्ग काढणे हे मुलांच्या कार्याचेच काम आहे, महिला मंडळाच्या कार्यक्रमात जोडलेला फालतू विषय नव्हे. मुले मागच्या खोलीत असताना पालकांनी पुढच्या बाकावर तीच गोष्ट मोठ्यांच्या दृष्टीने वाचली, तर दुपारी जेवताना दोघांना बोलायला काहीतरी मिळते.

इथेच भाषेचा प्रश्न येतो, आणि तो दिसतो त्याहून मोठा आहे. शहरातली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. 'उपासना संगीत' हे मराठी मंडळ्यांचे गीतपुस्तक त्यांच्या हाती दिले की जोडाक्षरांशी गाडी अडते. टिळकांची पदे आजीला पाठ असतात आणि नातवाला त्यातला शब्दन् शब्द परका असतो. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून मुलांचा सगळा वर्ग इंग्रजीत केला जातो. सोय होते, पण मूल आजीपासून आणखी दूर जाते. त्यापेक्षा महिन्याला एकच गीत ठरवावे. ते घरी आजीने किंवा आजोबांनी अर्थ सांगून शिकवावे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलांनी मंडळीसमोर म्हणावे. ज्यांना आजी-आजोबा नाहीत त्यांना मंडळीतल्या एखाद्या आजी वाटून द्याव्यात. मुलांची सोय होईल आणि एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारी आठवड्याला एकदा कुणीतरी येईल.

वर्षाचे वेळापत्रक करताना शाळेचे वेळापत्रक शेजारी ठेवायला हवे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि ईस्टर मार्च-एप्रिलमध्ये येतो. त्या मुलांना ईस्टरच्या नाटकात घेऊन मग 'येत नाही' म्हणून रागावण्यात अर्थ नाही. रविवार सकाळचे कोचिंग क्लास तर चर्चच्या वेळेवरच बसले आहेत. अशा मुलांसाठी संध्याकाळी अर्धा तास एखाद्या घरी जमणे हा मार्ग निघू शकतो. वर्ष जूनमध्ये शाळेबरोबर सुरू करावे, म्हणजे मुलांच्या मनातही ते बसते. आणि चार ते पंधरा वर्षांची मुले एकाच सतरंजीवर बसवू नयेत. खोली एकच असली तरी तीन कोपरे असतात.

दार उघडे असावे

एका विषयावर चर्चच्या कमिट्या अजूनही चाचरत बोलतात. तो म्हणजे मुलांची सुरक्षितता. 'आपल्यात असे काही होत नाही' हे वाक्य प्रत्येक धर्माच्या, प्रत्येक संस्थेच्या माणसांना तोंडपाठ असते. निरनिराळ्या देशांत चर्चसंस्थांनी असे प्रकार वर्षानुवर्षे झाकून ठेवले आणि त्याची किंमत मुलांनी मोजली, हे आता जगजाहीर आहे.

आपल्या देशात बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, तो २०१२ मध्ये झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, लागू झाला. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला तो लागू आहे. असा गुन्हा घडल्याचे कळले तर तो पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हाच गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर त्याला वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. थोडक्यात, 'कमिटीत बसून मिटवू', 'मंडळीचे नाव जाईल', 'त्यांनी क्षमा मागितली आहे' या वाटा कायद्याने बंद केल्या आहेत. क्षमा हा ज्याचा त्याचा श्रद्धेचा विषय आहे, फिर्याद हा नव्हे.

म्हणून आखणीच्या कागदावर काही नियम पहिल्याच पानावर यावेत. कुठलाही वर्ग एकट्या मोठ्या माणसाने घ्यायचा नाही, दोघे हवेत. दार उघडे किंवा काचेचे असावे. शिकवायला येणाऱ्याची, तो कितीही ओळखीचा असला तरी, चौकशी करावी आणि तो मंडळीत निदान सहा महिने वावरलेला असावा. लहान मुलाला न्यायला कोण येणार हे आधी लिहून घ्यावे आणि दुसऱ्या कुणाच्या हाती त्याला देऊ नये. शिक्षकाने मुलाला फोनवर खासगी निरोप पाठवू नयेत, जे काही असेल ते पालकांच्या गटावर. शिबिराचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय पसरवू नयेत. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत वर्गाच्या भिंतीवर असावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाळकांच्या केबिनमध्ये नव्हे.

सुट्टीच्या शिबिराला शेजारपाजारची अन्य धर्मीय मुलेही येतात. खेळ असतात, सरबत असते, मुले येणारच. तिथे काय शिकवले जाते हे त्यांच्या आईवडिलांना स्पष्ट सांगून लेखी संमती घ्यावी. उद्याचा गैरसमज टळेल म्हणून तर घ्यावीच, पण दुसऱ्याच्या मुलावरचा त्याच्या आईबापांचा हक्क मान्य करणे हेही त्यात येते. आपल्या मुलाला आपल्याला न विचारता कुणी काही शिकवले तर आपल्याला चालेल का?

सगळी घरे सारखी नसतात

आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नकळत एकच घर असते. आई, बाबा, दोन मुले, सगळे ख्रिस्ती, रविवारी इस्त्रीच्या कपड्यांत चर्चला येणारे. प्रत्यक्षात अनेक घरांत आई चर्चला येते आणि वडील दुसऱ्या धर्माचे असतात, किंवा उलट. अशा घरातल्या मुलाला 'बाबांना का आणत नाहीस?' असे वर्गात सर्वांसमोर विचारणे क्रूरपणाचे आहे. टिळकांचेच उदाहरण घ्या. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाल्यावर ते आणि लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळे राहिले. त्या वर्षांत घरातल्या प्रत्येकाने जे सोसले ते लक्ष्मीबाईंनी लपवलेले नाही. धर्माचा प्रश्न जेव्हा घराच्या मधून जातो तेव्हा मुलाला दोन्ही बाजूंवर प्रेम करण्याची मोकळीक हवी असते, आणि ती त्याला देणारे एखादे मोठे माणूस चर्चमध्ये असावे लागते.

काही घरांत आई एकटी असते. रविवार हा तिचा कपडे धुण्याचा एकमेव दिवस. तिला पालकांच्या वर्गाला बोलवायचे तर तिचे मूल तासभर जास्त सांभाळायची तयारी हवी. काही घरांत ऐकू न येणारे, चालता न येणारे किंवा एका जागी बसू न शकणारे मूल असते आणि ते रडेल, ओरडेल, लोक वळून पाहतील म्हणून सगळे कुटुंबच चर्चला येणे बंद करते. अशा एका मुलाजवळ बसायला एक माणूस ठरवून दिला तर चारपाच माणसे परत येतात. यादी करताना ही घरे सापडली नसतील तर यादी पुन्हा करावी.

पंधराव्या वर्षीची रजा

आता त्या खिडकीबाहेर पाहणाऱ्या नववीतल्या मुलाकडे येऊ. बऱ्याच मंडळ्यांत या वयाच्या आसपास दृढीकरणाचा वर्ग असतो. काही महिने पाळक शिकवतात, मुले प्रश्नोत्तरे पाठ करतात, मग बिशपसाहेब येतात, पांढरे कपडे, फोटो, केक. त्या दिवसापासून मूल मंडळीचे पूर्ण सभासद होते, प्रभुभोजनाला बसते. आणि त्यानंतर चर्चमध्ये त्याच्यासाठी काहीच नसते. रविवारच्या शाळेसाठी ते मोठे झालेले असते आणि तरुण संघाच्या दृष्टीने अजून पोरच असते. मोठ्यांनी ज्याला सुरुवात म्हटले त्याला मूल शाळा सोडल्याचा दाखला समजते. त्यात त्याची चूक काय?

याच्यावर भाषणांनी उपाय होत नाही, कामाने होतो. तेरा-चौदाव्या वर्षापासून मुलांना काहीतरी सोपवावे, जे त्यांनी नाही केले तर अडेल. ध्वनिक्षेपक सांभाळणे, बायबलचे वाचन करणे, धाकट्यांच्या कोपऱ्यात मोठ्या माणसाच्या हाताखाली मदत करणे, वर्षाचा जमाखर्च लिहिणे. त्यांचे प्रश्नही ऐकून घ्यावेत. 'डायनोसॉर तारवात होते का?' असे विचारणाऱ्या मुलाला 'गप्प बस' म्हणणाऱ्या बाई त्याला पुढच्या रविवारी दिसणार नाहीत. 'मला माहीत नाही, आपण दोघे शोधू' असे म्हणणाऱ्या बाई कदाचित दिसतील.

आणि त्या बाईंचेही कुणीतरी पाहायला हवे. वर्षानुवर्षे एकच बाई शिकवत राहतात. त्यामुळे त्यांना स्वत:ला मुख्य उपासनेत बसायला मिळत नाही, त्यांच्या वर्गाचे रंग आणि कागद त्यांच्याच पर्समधून येतात. मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात रंगकामाला, ध्वनिक्षेपकाला, पाहुण्यांच्या जेवणाला रकाना असतो. मुलांच्या नावाने रकाना आहे का, आणि त्यात आकडा किती, हे सभासदांनी वार्षिक सभेत उठून विचारावे. शिक्षकांच्या पाळ्या लावाव्यात, तीन महिने शिकवले की तीन महिने विश्रांती. त्यासाठी दुप्पट माणसे लागतील हे खरे. ती पालकांतूनच मिळतील, मुलांना सोडून जाणाऱ्या त्या पालकांतूनच.

हे सगळे एका वर्षात होणार नाही. पहिल्या वर्षी यादी, गृहभेटी आणि दाराचा नियम एवढे झाले तरी पुष्कळ. आखणीची बैठक एप्रिलमध्ये घ्यावी, सुट्टीचे शिबिर डोक्यावर बसण्याआधी. बैठकीला कमिटीच्या वडीलधाऱ्यांबरोबर दोन आया, एक आजोबा आणि नववीतला तो मुलगाही असावा. बैठक रविवारी अकरा वाजता ठेवावी. तोवर वडील मटण घेऊन परतलेले असतात.